न चाखलेलं पाणी

या, असे पुढे सरकून बसा. मांडी आवळून घेतलीत तर आणखी दोघं मावतील. माझ्याकडे ना वीणा, ना मृदंग, पण गोष्ट देतो. एका तळ्याची, एका बाईची आणि एका गोड गळ्याची. ऐकताना मान खाली गेली तर जाऊ द्या. आमच्या गावाची अजून जाते.

पेणच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं. अशा खाऱ्या मुलखात मारुतीच्या देवळापुढचं तळं मात्र गोडं, ही त्याचीच कृपा. त्यातले मासे देवाचे. त्यांना कुणी गळ लावत नाही.

दत्तात्रेयबुवा दिवसा शाळेत मास्तर, आणि रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत संध्याकाळी देवळात कीर्तनाला उभे. स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. बुवांनी "जय जय" म्हणून झांज उचलली की अंगावर काटा यायचा हो! त्या चैत्रात त्यांनी पूर्वरंगाला दानाचा विषय घेतला आणि शाळेतला धडाच चालीवर बसवला.

"मंडळी, आपण श्वास सोडतो तो कर्बवायू. पान तो आत घेतं, मुळांकडून पाणी मागवतं, सूर्यनारायणाची चूल पेटवतं आणि साखर रांधतं. घेतलं ते आपलं उष्टं, आणि देतं काय? प्राणवायू! म्हणा, पान देई, रोज देई, पान काही ना मागे!"

सगळं देऊळ म्हणू लागलं. सगळ्यांत वर आवाज नीराबाईचा. ही मिठागरावर राबणारी विधवा बाई, रोज खांबाशी बसायची. टाळी अशी वाजवायची की मृदंगवाला म्हणे, "नीराबाय आली का मना सुट्टी."

मग अवेळी मळभ आलं. सूर्य दिसेना, मीठ धरेना, मिठागरं थांबली. हाताला काम नाही म्हणून नीराबाईने मिठाच्या पाट्या काढल्या आणि तळ्याच्या पायरीवर धुऊन वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा गावाने पाहिलं, तर तळ्यात मासे उताणे. जिवंत होते तेवढे तोंड पाण्यावर काढून आ वासत होते.

देवळाचे पंच धर्माजी म्हणाले, "बुवा, यंदा शेवाळ लय दाटलंय. त्यानं तर न्हाय ना?"

बुवा हसले. "अहो, हिरवं तेवढं प्राणवायू देणारं! शेवाळ जितकं दाट, तितका माशांना श्वास जास्त. कीर्तनात काय म्हणालात? पान काही ना मागे."

"मंग?"

"मग पाण्यात बाहेरचं काहीतरी पडलंय."

सगळ्यांचे डोळे पायरीवरच्या पाट्यांकडे गेले.

त्या संध्याकाळी आख्यानात बुवांनी नाव घेतलं नाही. "देवाच्या अंगणात खार कालवणारे हात," एवढंच म्हणाले. माना मात्र खांबाकडे वळल्या. धर्माजी उठले. "नीरे, आता तळ्यावर पाय ठेवायचा न्हाय."

"पाट्या धुतल्या, धर्मादादा. तळं न्हाय खारवलं. येवढ्याशा मिठानं तळं खारं व्हत असल, तर खाडीत गुळाचा खडा टाकून बघा, गोड व्हते का."

कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या बाजूने कुणी बोललं नाही. ती उठून गेली, आणि बांधापलीकडच्या वाडीतल्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणू लागली. इकडे तळं नासलं म्हणून त्याचं पाणी कुणी ओठाला लावेना.

जयंतीच्या दिवशी देवाच्या अभिषेकाला पाणी हवं. निवळलं का बघावं म्हणून बुवा उजाडताच तळ्यावर गेले. मासे पुन्हा आ वासत होते. दोन नव्याने उताणे पडले होते. आणि नीराबाई तर त्या संध्याकाळपासून इकडे फिरकलीच नव्हती.

बुवांनी ओंजळ भरली आणि प्याले. पाणी गोड होतं. शहाळ्यासारखं गोड.

ते पायरीवर बसूनच राहिले. थोड्या वेळाने मळभ फाटलं, ऊन शेवाळावर पडलं आणि हिरव्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. उन्हं चढली तसे मासे एकेक करून खाली गेले आणि फिरू लागले. तेव्हा बुवांना धड्याचं पुढचं पान आठवलं. दर वर्षी मुलांकडून घोकून घेतलेलं, पण चालीत बसेना म्हणून कीर्तनातून गाळलेलं.

पानही श्वास घेतं, रात्रंदिवस. दिवसा रांधलेली साखर ते प्राणवायूच्या जोडीने आपल्या पेशीपेशीत जाळतं, त्यावर जगतं, आणि कर्बवायू सोडतं. अगदी आपल्यासारखं, माशासारखं. ऊन असलं की त्याचं देणं घेण्याहून मोठं असतं, म्हणून घेणं दिसत नाही. मळभात चूल मंदावली, तोंडं मात्र तेवढीच. रात्रभर शेवाळ आणि मासे एकाच भांड्यातून श्वास ओढत राहिले. उजाडेपर्यंत भांडं रितं. आणि त्याच मळभाने मिठागर थांबवून नीराबाईला त्या पायरीवर आणलं होतं.

बुवा तळ्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या दारात गेले. ती पाटी विणत होती.

"नीराबाई, पाणी गोड आहे."

"मना ठाव हाय. तुमाला आज कळलं?"

"मी चाखलंच नव्हतं."

"येवडी गोड जीभ दिली देवानं. ती पान्याला लावाया काय झालं व्हतं, बुवा?"

बुवांना मान वर करवेना. "संध्याकाळी याल?"

"कीर्तनाला येन. देव माजा बी हाय. तळ्यावर न्हाय येनार."

संध्याकाळी बुवांनी हार घालून घेतला नाही. झांज खाली ठेवली आणि नुसत्या आवाजात म्हणाले, "पान देई, पान घेई, घेण्याची त्या लाज नाही." मग थांबले. "लाज मला आहे. मी अर्धा धडा गायलो, आणि तेवढ्यावर एका बाईला तळ्यावरून उठवलं. नीराबाई, गावासमोर सांगतो, चूक माझी."

धर्माजींनी टोपी काढून हातात धरली. मृदंगवाला टाळीची वाट बघत थांबला. नीराबाई खांबाशी बसली होती, हात मांडीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी गावाने तळ्यात उतरून शेवाळ काढलं. "सगळं नका काढू," बुवा सांगत होते, "दिवसा देणारं तेच आहे." मासे टिकले. धर्माजी दोनदा तिच्या दाराशी जाऊन आले. पण ती तळ्यावर आली नाही. गुडघे धरेपर्यंत बांधापलीकडूनच हंडा आणत राहिली, आणि ती रस्त्याने जाताना आम्ही वाटेतून बाजूला होऊन उभे राहत असू.

बुवा आता थकलेत, तरी कीर्तनाआधी सगळ्यांदेखत तळ्याची एक ओंजळ पितात. परगावच्या लोकांना वाटतं, तीर्थ आहे. आम्ही त्या वेळी जमिनीकडे बघत असतो.

तुम्ही कधी आमच्या बाजूला आलात, आणि उजाडताना कुठल्या तळ्यात आ वासलेला मासा दिसला, तर बोट कुणाकडे उचलण्याआधी आमची नीराबाई तेवढी आठवा.