तिखट लाकडाला गोड पिकप

गिटारवाल्यांचा मला वीट आलाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

घाटकोपरला भटवाडीत माझा गाळा आहे. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला टेबल, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या गिटारी. बाबा मिलमध्ये सुतारखात्यात होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी घरी रंधा चालवला आणि मी त्यांच्या हाताखाली लाकूड शिकलो. आता इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करतो, कुणी सांगितलं तर नवी बनवून देतो. काम मला आवडतं. काम घेऊन येणारी माणसं आवडत नाहीत.

मुलुंडचा देवव्रत घ्या. त्याने शिवणीच्या लाकडाची गिटार सांगितली, शिवण हलकी असते म्हणून. मी महिनाभर खपून बॉडी कापली, घासली, गुळगुळीत केली. तोवर त्याने मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. आला, बॉडी हातात घेतली, डोळे मिटले आणि बोटाच्या पेराने टकटक करायला लागला, फणस पिकलाय का बघावं तसा. मग म्हणाला, "सिद्धेश, यार, यात महोगनीची वॉर्म्थ नाही ना." अरे, महोगनीचं झाड तू बघितलंयस कधी? शिवणीचं तरी? बॉडी तशीच टाकून गेला. ती माझ्या खिळ्याला लटकली आणि येता-जाता मला तिची चीड यायला लागली.

खरं काय ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पकडतो तो पिकप. तारांखाली लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. अशी दोन वेटोळी जोडून बसवली की विजेची घरघर मरते आणि आवाज भरदार होतो, त्याला म्हणायचं हम्बकर. माझ्या मते आवाजात पिकपचा वाटा बारा आणे आणि लाकडाचा चार आणे. त्या चार आण्यांसाठी ही माणसं माझं डोकं खातात. आणि मीही त्यांना बरं वाटावं म्हणून लाकडावर टकटक करतो, मान हलवतो, "हं" म्हणतो. त्या "हं"ची मला सगळ्यात जास्त किळस येते.

जानेवारीत कल्पिता आली. खारदांड्याची कोळ्यांची पोरगी, अंधेरीला एका ऑफिसात कामाला, बँडमध्ये गिटार वाजवते. सोबत जुन्या साडीत गुंडाळलेली सात फुटांची फळी होती. ती फळी तिने रिक्षातून कशी आणली ते तिलाच माहीत.

"दादा, याची गिटार बनव," ती म्हणाली. "पप्पांच्या होडीची फळी आहे."

तिचे वडील चंदर दोन वर्षांपूर्वी गेले. होडी किनाऱ्यावर कुजत पडली. शेवटी ती मोडली तेव्हा आईने, कमळमावशींनी, एवढी एक फळी घरात आणून ठेवली. भंगारवाल्याने मागितली, नाही दिली. शेजारणीने चुलीसाठी मागितली, तिला तर शिव्या घातल्या.

"माझी गिटार आईला कधीच आवडली नाही रे," कल्पिता म्हणाली. "आणि परवा स्वतःच बोलली, फळी घे, याची बनव. मला तर रडूच आलं."

मी फळीवरची साडी सोडली आणि वास आला. होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून चंदरकाका दरवर्षी माशाचं तेल चोपडायचे. वर्षानुवर्षांचं ते तेल फळीत मुरलं होतं. वास नाकातून घशात उतरला. मी मालवणचा माणूस, रविवारी बांगडा नसेल तर जेवण जात नाही, आणि मलाच ओकारी यायला लागली. तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं.

मग नेहमीचं नाटक केलं. टकटक. हं.

"साग आहे," मी म्हणालो. "जड आणि कडक. आवाज तिखट येणार, कानाला चावणारा. म्हणून पिकप गोड पाहिजे."

पिकपच्या दोन जोड्या काढल्या. एक साईच्या रंगाची, तिच्यात मवाळ चुंबक. दुसरी काळी, तिच्यात जोरकस चुंबक. एका जुन्या गिटारीत आलटून पालटून बसवून तिला दोन्ही ऐकवल्या. इतर गिऱ्हाइकं अशा वेळी स्वतःच बडबडतात. ही गप्प राहून ऐकत होती.

"तिखट लाकडाला गोड पिकप, गोड लाकडाला तिखट पिकप," मी सांगितलं. "कालवण तिखट झालं की तुम्ही कोकम टाकता ना, तसंच."

ती हसली. "म्हणजे आपल्याला साईवाली. काळी मऊ लाकडाला."

"बरोबर," मी म्हणालो, आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी करवत लावली. तेलाने पातं चिकट झालं, भुसा पडायच्या ऐवजी त्याचा लगदा झाला. आत मोडलेला खिळा होता, त्याने पात्याचे दात खाल्ले. शेजारी पोळीभाजी केंद्र चालवणारी सुंदराबाई नाकाला पदर लावून दारात आली. "काय मेलंय रे तुझ्याकडे? माझी गिऱ्हाइकं पळतायत." फळीचे दोन तुकडे केले, कडेला कड लावून सरस भरला, शिकंजे आवळले. तीन दिवसांनी शिकंजे सोडले तर जोड उघडला. तेलकट लाकडावर सरस बसतोय कशाला.

यावर उपाय होता. थिनरने आठ-आठ वेळा पुसायचं, उन्हात टाकायचं, महिना-दोन महिने थांबायचं. किंवा कल्पिताला फोन करून सांगायचं की बाई, जमत नाही. मी यातलं काहीच केलं नाही. हाताला तो वास, डब्यातल्या पोळीला तो वास, रात्री उशीला तो वास. मला त्या फळीची इतकी शिसारी आली की तिच्याकडे बघवेना. आणि मनात आलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच. लाकडाचं वेड. डोळे मिटून वाजवणार आणि म्हणणार, यात पप्पा आहेत. हिला काय कळतंय? चार आण्यांचं तर लाकूड.

खिळ्याला शिवणीची बॉडी लटकत होती.

ती उतरवली. व्हिनेगरमध्ये गंजलेले खिळे भिजवून काळं पाणी केलं आणि ते लाकडाला पाजलं, ते जुनाट दिसायला लागलं. तापवलेल्या सळईने खिळ्यांची भोकं पाडली. ओळीत नाही, वाकडीतिकडी, खऱ्यासारखी. एका कडेला रंधा मुद्दाम अडखळू दिला. इतकी सफाई मी खऱ्या कामातही कधी दाखवली नव्हती. मेलेल्या माणसाच्या होडीची भोकं मी शीळ घालत पाडत होतो, हे आज लिहितानाही माझी मला घाण वाटते.

मग पिकप. साईची जोडी बसवली, तारा चढवल्या आणि वाजवून बघितलं. आवाज गिळगिळीत. शिवण मुळातच मऊ बोलते, त्यात मवाळ चुंबक, म्हणजे गुळात साखर. आता गप्प बसायचं ना? लाकूड बदलताना लाज वाटली नाही, पण चुकीचा पिकप लावायला हात धजेना. माझ्या गाळ्यातून असा आवाज बाहेर गेला तर लोक काय म्हणतील? साईची जोडी काढली, काळी बसवली. आवाज एकदम उघडला. मी खूश झालो.

फळीचे दोन तुकडे टेबलाखाली होते. चाळीतली पोरं होळीची वर्गणी मागायला आली, त्यांनी विचारलं, लाकूड आहे का? न्या, म्हटलं. संध्याकाळी होळी पेटली आणि त्या तुकड्यांनी काळा धूर ओकला. अख्खी चाळ नाकाला रुमाल लावून मागे सरली. कुणीतरी ओरडलं, "कोण रे तो, होळीत बोंबील टाकणारा?" सगळे हसले. मीही हसलो.

पाडव्यानंतर कल्पिता आली, आईला घेऊन. कमळमावशी बारक्या चणीच्या, मासळी बाजारातून थेट आलेल्या. त्यांना मी स्टुलावर बसवलं. कल्पिताने गिटार मांडीवर घेतली आणि भोकांवरून बोट फिरवलं, एकेका भोकावरून. मग ती वाजवायला लागली.

वाजली उत्तम. ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. कल्पिताचे डोळे भरून आले.

"आई, बघ ना."

मावशींनी गिटार जवळ ओढली. बघितली नाही. वाकून तिच्यावर नाक टेकवलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं, पाठ उलटी करून पुन्हा हुंगलं.

"याला वास नाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, घासली ना, वर पॉलिश मारलं," मी म्हणालो. "वास जाणारच."

"वीस वरसं तेल पाजलंय त्यानं. असा कसा जाईल?"

"आजकाल केमिकल असतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं नव्हतं, पण मी कारागीर होतो आणि केमिकल म्हटलं होतं. त्यांनी गिटार परत पोरीच्या मांडीवर ठेवली. "तू म्हणतोस तर असंल बाबा," म्हणाल्या.

सुटलो, असं वाटलं. चहा सांगायला मी उठलो.

"दादा," कल्पिता म्हणाली. ती तारांच्या खाली बघत होती. "ही काळी जोडी आहे."

"हो, ती साईवाली..."

"काळी मऊ लाकडाला. तूच सांगितलंस. तिखटाला कोकम." ती सावकाश बोलत होती, कालवणात काय कमी पडलंय ते चव घेऊन शोधावं तशी. "साग तिखट आहे बोललास. सागावर ही लावली असतीस तर आवाज कानाला चावला असता. पण हा तर किती छान येतोय."

सगळ्या जन्मात मला एक गिऱ्हाईक मिळालं ज्याने माझं बोलणं खरंच ऐकलं होतं, आणि ते हे.

"दादा, हे कुठलं लाकूड आहे?"

"शिवण," मी म्हणालो.

तिने गिटार मांडीवरून उचलली आणि टेबलावर ठेवली, आपटली नाही. हात ओढणीला पुसले. भोकांवरून जे बोट फिरवलं होतं तेसुद्धा पुसलं.

"आमची फळी कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

"होळीत दिली."

"जळली?"

"हो."

मला वाटलं आता शिव्या देतील. कोळणीच्या शिव्या मी बाजारात ऐकल्या आहेत, आणि त्या मला हव्या होत्या. पण त्या उठल्या आणि गाळ्यात इकडे-तिकडे बघायला लागल्या, टेबलाखाली, दाराच्या मागे.

"कापली असशील ना आधी? भुसा पडला असंल."

केर कधीच काढून टाकला होता. मग मला करवत आठवली. दात गेलेलं ते पातं मी फेकलं नव्हतं, खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. ते काढलं. दातांच्या खाचांत काळपट लगदा वाळून बसला होता. पटाशीच्या टोकाने मी तो खरवडायला लागलो. दोघी माझ्या हातांकडे बघत उभ्या होत्या. तो वास पुन्हा आला, अगदी पहिल्या दिवसासारखा. चिमूटभर निघाला. वर्तमानपत्राच्या तुकड्यात त्याची पुडी बांधली आणि मावशींच्या हातात दिली.

त्यांनी ती तिथेच उघडली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही.

"हाय," त्या पोरीला म्हणाल्या. "घे, बघ. तुजा बाप घरी यायचा तवा असाच वास यायचा."

कल्पिताने पुडीवर नाक ठेवलं आणि तिथेच ठेवून राहिली. मग पुडी पुन्हा नीट बांधून आईच्या कमरेच्या पिशवीत ठेवली. माझ्याकडे न बघता दोघी पायऱ्या उतरून गेल्या. गिटार टेबलावर राहिली.

थोड्या वेळाने सुंदराबाई पदर नाकाला लावून दारात आली. "परत आणलंस का ते मेलेलं?" तिने विचारलं. मी माझे हात हुंगले. वास माझ्या हातांना होता, आणि त्या दिवशी जेवायच्या आधी मी ते धुतले नाहीत.