नववा आठवडा सरकला

खरं सांगू, हे मी लिहिणारच नव्हतो. एका घरातल्या माणसांनी सुट्टीच्या तारखा कशा जुळवल्या, यात लिहिण्यासारखं काय आहे? कोणी मेलं नाही, कोणी पळून गेलं नाही. पण ऑरिनची ती आठवड्याची भानगड काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून बसलो टाइप करायला.

तर ऑरिन हॉवलँड. राहणार पामर, अलास्का. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो, उन्हाळ्यात मिळेल ते काम. आईवडिलांच्या घरामागेच त्याचं छोटं लाकडी घर आहे. आई मार्लिस, वडील लाइल. ऑरिन शाळेत जायच्या आधीच या दोघांनी दूर दक्षिणेकडच्या उबदार माउई बेटावर टाइमशेअर घेऊन ठेवलं होतं. म्हणजे समुद्राकाठच्या एका इमारतीतलं तळमजल्याचं घर, आणि त्यातला वर्षाचा एकच आठवडा यांचा. नववा. आठवा दुसऱ्या कुणाचा, दहावा तिसऱ्याचा. आपला आठवडा आला की जायचं, संपला की चावी ठेवून निघायचं.

फेब्रुवारी सरत आला की अलास्कातला माणूस फडताळात विसरलेल्या बटाट्यासारखा होतो. मऊ, पांढरा आणि कोंब फुटलेला. म्हणून मार्लिसच्या घरी एक वेळ नाताळ चुकला तर चालेल, नववा आठवडा चुकून चालत नाही.

आणि नवव्या आठवड्याची माणसंही ठरलेली. वरच्या मजल्यावर सस्कॅचवानचे पेट्रिशिन नवरा-बायको, पलीकडे ओरेगनच्या दोन बहिणी, ज्या एकमेकींशी फक्त पत्ते खेळताना बोलतात. हॉवलँडांनी घरून गोठवलेला सॅमन न्यायचा, पेट्रिशिनांनी जॅमच्या बरण्या आणायच्या, बहिणींनी वाइन. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो मासा शेगडीवर भाजायचा. वर्षभर एकमेकांना फारसा फोन नाही. पण त्या एका आठवड्यात कोणाचे गुडघे बदलले, कोणाचा मुलगा वेगळा निघाला, सगळं सगळ्यांना कळतं.

मग लाइलला झटका आला. डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडखळायला लागलं. दोन वर्षं जाणं झालं नाही, तो आठवडा एका भाचीला देऊन टाकला. या वर्षी डॉक्टर म्हणाले, जा, पाण्यात तरंगलात तर बरंच होईल. मार्लिसने त्याच दिवशी ऑरिनला सांगून टाकलं की तिचं डोकं आता औषधांच्या वेळा सांभाळण्यातच जातं, तेव्हा या खेपेला सगळं त्याने ठरवायचं आणि सोबतही यायचं.

ऑरिन कामाला लागला. बुकिंग नेहमी आईने केलेलं, त्याने आजवर फक्त बॅगा उचललेल्या. पण पठ्ठ्याने जीव ओतला. विमान कंपनीकडे साठलेल्या माइल्सवर, म्हणजे जवळपास फुकटात, अँकरेजहून थेट विमान घेतलं. वडिलांना डावीकडची, कडेची जागा, म्हणजे चांगला पाय वाटेच्या बाजूला. गाडी भाड्याची, पण फार उंच नको, फार बसकीही नको. शिवाय खोली मिळते दुपारी उशिरा आणि विमान उतरतं आधीच, मग तोवर मासा वितळणार. त्यावर उपाय म्हणजे वाटेत बाजार करायचा, तिथेच बर्फाच्या पिशव्या घ्यायच्या आणि माशाच्या पेटीत कोंबायच्या. वडिलांना कुठे कोणी उचलायचं, कोणत्या बाजूने धरायचं, हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं.

त्याचा मित्र वसिली हे ऐकून म्हणाला, "सुट्टीला चाललायस का स्वारीला?"

हा वसिली म्हणजे कस्कोक्विम नदीकाठचा युपिक, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. दोघं रस्त्याच्या कामावर एकत्र होते, तेव्हापासूनची दोस्ती. आता तो विलो गावात सोळा कुत्री घेऊन राहतो. त्या मार्चमध्ये पहिल्यांदाच मोठ्या शर्यतीत आपली स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी, उतरवणार होता. गोठलेल्या तळ्यावरून शर्यत सुटताना कुत्री नुसती पिसाळतात, सगळी एकदम ओढायला लागतात, आणि प्रत्येक जोडीला धरून ठेवायला माणूस लागतो. वसिलीचे घरचे सगळे गावाकडे, तिथून येणं सोपं नाही. त्यात बटर नावाचा त्याचा एक दांडगा कुत्रा पिल्लू असताना ऑरिनकडे वाढलेला, तो दुसऱ्या कुणाला जुमानत नाही. बटरला मी धरणार, असं ऑरिनने उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. हिशेब सरळ होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी माउईला जायचं, पुढच्या शनिवारी परत, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी शर्यत.

मग एका रविवारी ओल्गा पेट्रिशिनचा फोन आला. मार्लिसने फोन टेबलावर ठेवून बोलणं सुरू केलं, कारण हाताला पीठ लागलं होतं. ऑरिन तिथेच कॉफी पीत बसला होता. मार्लिस कौतुकाने सांगत होती, मुलाने सगळं कसं चोख केलंय, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारची तिकिटंसुद्धा काढून झाली.

"शेवटच्या शनिवारी?" ओल्गा म्हणाली. "मग आठवडाभर झोपणार कुठे गं? वाळूत?"

भानगड अशी होती. त्या इमारतीचे लोक आठवडे मोजतात वर्षाच्या पहिल्या शनिवारपासून. त्यामुळे नवव्या आठवड्याची तारीख दरवर्षी थोडी थोडी मागे येत जाते, आणि काही वर्षांनी एकदम पुढे उडी मारते. अधिक महिना आला की दिवाळी पुढे जाते ना, तसंच. हे वर्ष उडीचं होतं. मार्लिस, ओल्गा, ओरेगनच्या बहिणी, या सगळ्यांना ते अंगवळणी पडलेलं, इतकं की कोणी कोणाला सांगायच्याही भानगडीत पडत नाही. ऑरिनला मात्र लहानपणापासून एवढंच माहीत, की फेब्रुवारी संपताना आपण माउईला जातो.

मार्लिस पिठाचे हात तसेच धरून हसत सुटली. नववा म्हणजे नववा, यात सांगायचं काय, असं तिचं म्हणणं. लाइलही एका गालाने हसला. ऑरिनने कानकोंडं होऊन विमान कंपनीला फोन लावला, बराच वेळ त्यांचं संगीत ऐकलं, आणि तिकिटं एक आठवडा पुढे ढकलून घेतली. गंगेत घोडं न्हालं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ ढकलता ढकलता त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. परतीचा शनिवार आणि शर्यतीचा शनिवार आता एकच होता.

त्याने ट्रक कडेला घेतला आणि नुसता बसून राहिला. आईवडिलांना एकट्याने परत यायला सांगावं, तर वडिलांना विमानात कोण उचलणार? वसिलीला नाही म्हणावं, तर त्या दिवशी त्याच्या बाजूने उभं कोण राहणार? संध्याकाळी त्याने जेवताना सहज विचारल्यासारखं करून पाहिलं, की नवव्याऐवजी आठवा आठवडा बदलून घेतला तर? तशी सोय असते म्हणे.

"आठव्यात आपलं कोण आहे?" मार्लिस म्हणाली. "मी काय नारळाच्या झाडाशी गप्पा मारू?"

लाइलने चमचा खाली ठेवला आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो विषय तिथेच मिटला. दोन वर्षं दोघांनी वाट पाहिली होती ती समुद्राची नव्हती, त्या माणसांची होती, हे ऑरिनला न सांगता कळलं. शर्यतीचं त्याने काही काढलंच नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी तो विलोला गेला. वसिली अंगणात मोठ्या पिंपात कुत्र्यांचं खाणं ढवळत होता. ऑरिनने सगळं सांगून टाकलं, आठवडा, उडी, शनिवार, वडील. वसिली ढवळत राहिला. म्हणाला, बरं. त्याच्याकडची माणसं कमी बोलतात. भुवया वर केल्या की हो, नाक मुरडलं की नाही.

"रागावलास?" ऑरिनने विचारलं.

वसिलीने नाक मुरडलं.

"दुसरं कोणी आहे धरायला?"

वसिलीने पुन्हा नाक मुरडलं. मग पिंपावर झाकण ठेवून म्हणाला की बघू, बटरला या वेळी घरीच ठेवतो. ऑरिनला त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. बटर म्हणजे त्याच्या स्लेजचं इंजिन. त्याला घरी ठेवून शर्यतीला जाणं म्हणजे बैल गोठ्यात ठेवून नांगरायला जाणं. घरी येईपर्यंत ऑरिनने रेडिओसुद्धा लावला नाही.

त्या आठवड्यात तो वडिलांकडून सराव करून घेत होता. स्वयंपाकघरात खुर्च्या विमानासारख्या ओळीने लावायच्या, चाकाच्या खुर्चीतून त्यातल्या कडेच्या खुर्चीवर यायचं. ऑरिन काखेत हात घालून उचलायचा, फिरवायचा, बसवायचा. लाइल निमूट उचलू द्यायचा. विलोहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ऑरिनचं लक्ष नव्हतं. दोनदा त्याने चुकीच्या बाजूने धरलं.

लाइल म्हणाला, "कुत्री?"

ऑरिनने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण वडिलांचा चेहरा पाहून सगळं भडाभडा सांगून टाकलं. आई दारात येऊन उभी राहिलीय हे त्याला नंतर दिसलं. शेवटी तो म्हणाला की जाऊ दे, ठरलंय, तुम्हाला एकटं सोडून मी येणार नाही, तुम्हाला उचलणार कोण?

लाइलने शब्द जुळवायला वेळ घेतला. तो जुळवत असला की त्या घरात कोणी मधे बोलत नाही.

"मला," तो म्हणाला, "सामानात... धरू नकोस."

मग त्याने उजव्या हाताने टेबलाची कड पकडली. ऑरिन पुढे सरकला, तशी मार्लिसने त्याच्या हातावर फटका मारला. लाइल उठला. फार हळू उठला, मधे एकदा थांबला, डावा पाय फरफटत वळवला, आणि कडेच्या खुर्चीवर जरा तिरकाच आदळला. एक शिवी हासडली. ती मात्र अजिबात अडखळली नाही.

मार्लिसला हसू आवरेना. मग ती समोर बसली आणि जे ऑरिनला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं, ते कॉफी थंड व्हायच्या आत करून मोकळी झाली. ऑरिनने त्यांच्यासोबतच जायचं. सामान लावून द्यायचं, बापाला पाण्यात उतरवायचं, बुधवारचा मासा खायचा. गुरुवारी रात्रीच्या विमानाने निघायचं. शनिवारी ओल्गाचा नवरा या दोघांना विमानतळावर सोडेल, त्याला नाहीतरी गाडी फिरवायला निमित्तच हवं असतं. पुढे विमान कंपनीची माणसं खुर्ची ढकलतील, त्यांचं ते कामच आहे. अँकरेजला भाची उभी राहील, दोन वर्षं फुकट माउई पाहिलीय तिने.

ऑरिन म्हणाला, पण काही अडलं तर.

"तीन पोरं, एक मासळीची पेटी आणि विमान लागणारा नवरा घेऊन मी समुद्र ओलांडलाय," मार्लिस म्हणाली. "तेव्हा तू त्या तिघांतलं सगळ्यात रडकं पोर होतास. आता मला प्रवास शिकवतोस?"

लाइलने मान हलवली. विमान लागण्याचं मात्र खोटं आहे, असं त्याने हाताने खुणावलं. मग पुन्हा चाकाच्या खुर्चीकडे बोट केलं. त्याला परत एकदा करून बघायचं होतं. या खेपेला ऑरिन हात पाठीमागे बांधून उभा राहिला. अवघड गेलं ते त्यालाच.

लाइल दुसऱ्यांदा थोडा सरळ बसला. मार्लिसने ओल्गाला फोन लावून सगळं कळवलं. पलीकडून ओल्गाच्या नवऱ्याचा आवाज आला, की लाइल पुढच्या सीटवर बसणार असेल तरच नेतो, मागे बसून सूचना देणारी माणसं आपल्याला चालत नाहीत.

संध्याकाळी ऑरिन पुन्हा विलोला निघाला. ऊन उतरत होतं, पण आता ते दिवसागणिक थोडं जास्त रेंगाळायला लागलं होतं. डोंगर गुलाबी दिसत होते. वाटेत त्याने दोघांसाठी बर्गर घेतले आणि बटरसाठी एक नुसताच, पावाशिवाय.

गाडीचा आवाज ओळखून सोळाच्या सोळा कुत्र्यांनी हलकल्लोळ केला. वसिली पट्टे दुरुस्त करत पायरीवर बसला होता. ऑरिनने बर्गर त्याच्या मांडीवर टाकला, शेजारी बसला आणि सांगितलं, गुरुवारी रात्री निघतोय, शुक्रवारी इथे. वसिलीने घास चावून संपवला. मग विचारलं, वडील? ऑरिनने खुर्च्यांचं सगळं सांगितलं, शिवीसकट. वसिली इतका हसला की ठसका लागला. त्याने पट्टा बाजूला ठेवला आणि उठून बटरच्या पाण्यातला बर्फ फोडला. बटर तोवर ऑरिनच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकून उभा होता.

"आणि विमान उशिरा आलं तर?" वसिलीने पाठमोरा असतानाच विचारलं.

"तर विमानतळावरून तडक तळ्यावर येतो," ऑरिन म्हणाला. "हाफ चड्डीत असलो, पायात चपला असल्या, तरी तसाच बर्फात उतरतो. तू सुटेपर्यंत बटरचा पट्टा माझ्याच हातात असेल. शब्द देतो."