कणगीत अडकलेली चित्रकथा

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे; पण दुकानात टांगलेली असते तसली नव्हे. माझी एकच प्रत निघाली. वह्यांना कव्हर घालतात त्या खाकी कागदाची सोळा पानं, दोऱ्याने शिवलेली. माझ्यात अक्षर एकही नाही. वाल्मिक शहापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि उरलेल्या काळ्या-पांढऱ्या रंगात रोज थोडी थोडी मला रंगवायचा. त्या उरलेल्या रंगाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझी गोष्ट साधी. पहिल्या पानावर आंब्याचं रोप आणि त्याला पाणी घालणारे एक मुलगा, एक मुलगी. पानागणिक रोप वाढतं, ती दोघंही वाढतात, रुसतात, सावलीला बसून भाकर खातात. पंधराव्या पानावर झाड मोहरतं आणि सोळावं पान कोरं!

ते पान चंद्रकलासाठी होतं. ती किन्हवलीची, शहापूरला शिवणक्लासला यायची. १९९४च्या दिवाळीनंतर वाल्मिकने मला तिच्या हाती दिलं. मनात असेल तर या पानावर आपलं म्हातारपण काढ आणि पौषात म्हसा गावच्या जत्रेत वही परत दे, नसेल तर देऊ नकोस, मी पुन्हा विचारणार नाही, असं म्हणाला. मोठा मानी बाबा!

चंद्रकलाच्या मनात होतंच. पण मला घरात ठेवायचं कुठे? कणगी, म्हणजे भात साठवायची बांबूची उंच टोपली, अर्धी भरली होती. तिने मला त्या भातात खुपसलं. दुसऱ्या दिवशी ती मुरबाडला मावशीकडे हळदीला गेली आणि इकडे तिच्या आईने, सकुबाईने, उरलेलं भात ओतून कणगीचं तोंड शेणामातीने लिंपून टाकलं. झालं! ती पावसाळ्याची बेगमी. त्या घरची रीत अशी, की लिंपलेली कणगी आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूजा करूनच फोडायची.

जत्रेत चंद्रकला आईमागून रिकाम्या हातांनी हिंडली. घोंगड्यांच्या दुकानापाशी वाल्मिकने ते हात पाहिले आणि तो वळून गर्दीत गेला. आई शेजारी, हाक मारायची कशी? शिवणक्लासही तोवर संपला होता. मग कानावर आलं, की आखातीनंतर वाल्मिकच्या घरचे मुली पाहायला निघणार. चंद्रकला कणगीला टेकून रडायची. अगं वेडे, फोड ना ही कणगी, असं ओरडावंसं वाटायचं. पण मला आवाज कुठला!

आखातीला कणगी फुटली आणि मी थेट सकुबाईच्या सुपात पडले. तिला वाचता येत नव्हतं; पण मला वाचायला अक्षर लागतंच कुठे? उंबऱ्याशी बसून तिने माझं पान न् पान पाहिलं.

“यो पोरगा कोण गो?”

चंद्रकलाने खांबाला धरून सगळं सांगितलं.

“आन् शेवटचं पान कोरं कशाला?”

“तू कणगी लिंपलीस, आये.”

उंबऱ्यावर रांगोळीचा चौक काढायला कालवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटी सकुबाईने पुढे सरकवली. “काड मंग. वाळलं का आपण दोगी शापूरला जाव.”

चंद्रकलाने बोटाने डेरेदार आंबा काढला, त्याखाली दोन म्हातारी माणसं. दुसऱ्या दिवशी दोघी शहापुरात. वाल्मिक शिडीवर चढून पाटी रंगवत होता. माझं सोळावं पान पाहिलं मात्र, तो खाली उतरला आणि रंगाच्या हातांनीच सकुबाईच्या पाया पडला. त्या माउलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढे लग्न झालं आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. वर्षं गेली. मला कोणी विचारेना, तेव्हा त्या भाताची ऊब आठवायची. २००८ साली त्यांच्या मुलीने, मनस्वीने, मला शोधून काढलं. सोळाव्या पानावरचं पीठ तोवर झडून गेलं होतं. ती स्केचपेन घेऊन गिरवायला बसणार, तेवढ्यात चंद्रकलाने तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे गो. अजून टाइम हाय. तवडी म्हातारी झालू का आमीच काडू.”

मित्रांनो, जुने कागद कोरड्या हातांनी जपा. आणि कोणाचे हात रिकामे दिसले, तर पाठ फिरवण्याआधी एकदा विचारा. मी आता फडताळात असते, सोळावं पान पुन्हा कोरं घेऊन. मला घाई नाही.