नळ कोणी आणला

विधिमंडळाच्या ग्रंथालयात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत त्या एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या. निवृत्त होणारा आमदार जुन्या कामकाजाचे खंड मागायला लागला, की आपण खुर्ची सोडायची नाही. सात वर्षांपूर्वी एक जण असाच गोड गोड बोलत आला, तासभर वाचत बसला, आणि तो गेल्यावर बघतात तर खंडातली दोन पानं ब्लेडनं कापलेली. पानं त्याची गेली, मेमो बाईंना मिळाला. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत.

म्हणून सोमवारी सकाळी काका दारात दिसले तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

अख्खं सभागृह त्यांना काकाच म्हणे. आठ वेळा निवडून आलेले, गुडघ्यांनी दगा दिलेले, या अधिवेशनानंतर घरी बसणार होते. शुक्रवारी सभागृहात त्यांचा गौरव व्हायचा होता. त्यांनी तेहेतीस वर्षांपूर्वीचा एक खंड मागितला आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. काखेत चामडी पिशवी. आत पिशवी न्यायची नाही असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पण काकांना सांगणार कोण?

ते गेल्यावर बाईंनी आधी पानं मोजली. सगळी जागच्या जागी होती.

दुपारी विधिमंडळाच्या सचिवांनी मानपत्राचा मसुदा पाठवला. फक्त तारखा तपासून द्या, म्हणाले. पहिलंच वाक्य होतं: ‘टेकडीखालच्या वस्तीला पाणी मिळवून देणारे लोकनेते.’ बाईंना बरं वाटलं. त्या त्याच वस्तीतल्या. शाळेला जायच्या आधी डबे घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. उद्घाटनाला काकांनी नळाची तोटी फिरवली तेव्हा आईबरोबर त्याही गर्दीत होत्या. आई अजून काकांना ‘पाणीवाले’ म्हणे.

तारीख बघायला त्यांनी तोच खंड उघडला, आणि पान दोनशे चौदावर त्यांचा हात थांबला. वस्तीला पाणी द्यावं असा ठराव दुसऱ्याच कुणी मांडला होता. एकाच टर्मला निवडून आलेला, वस्तीचा तेव्हाचा आमदार, धंद्यानं शिंपी. आणि विरोधात उठले होते काका, तेव्हा शेजारच्या मतदारसंघाचे; वस्तीच्या मतदारसंघातून ते पुढच्या निवडणुकीत उभे राहिले. ‘बेकायदा वस्तीला आमच्या तलावाचं पाणी कशाला? आज पाणी द्या, उद्या डोक्यावर बसतील.’ तरीही ठराव चार मतांनी पास झाला होता.

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग त्यांना कळलं, काका कशासाठी येताहेत ते. मानपत्र छापलं जाणार, तर उलटा पुरावा कपाटात कशाला ठेवायचा?

मंगळवारी काका पुन्हा आले, पुन्हा तोच खंड. बुधवारी त्यांचा सेक्रेटरी आला.

“बाई, तो खंड दोन दिवस घरी पाठवा. काकांना निवांत वाचायचाय.”

“खंड बाहेर जात नाहीत.”

“अहो, काकांसाठी मागतोय.”

“काकांसाठीसुद्धा जात नाहीत,” बाई म्हणाल्या.

तो गेल्याबरोबर त्यांनी त्या पानांची झेरॉक्स काढली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. आता कुठं पाणी मुरतंय याबद्दल त्यांना शंकाच उरली नव्हती.

गुरुवारी काका आले तेव्हा बाई त्यांच्या समोरच्या टेबलावर कार्डं लावत बसल्या. ती कार्डं त्यांनी सकाळीच लावून ठेवली होती. काकांनी पिशवीत हात घातला. बाईंचे डोळे हाताबरोबर गेले. बाहेर आलं ते भिंग.

“बाई,” काका मान वर न करता म्हणाले, “सोमवारपासून पहारा करताय माझ्यावर. मी पान फाडीन असं वाटतंय?”

बाई ओशाळल्या, पण मागे हटल्या नाहीत. “वाटतंय.”

“कुठलं पान तेही माहीत असेल.”

“दोनशे चौदा. मी त्या वस्तीतली आहे, काका.”

काकांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, “तोटी फिरवली त्या दिवशी मी म्हणालो होतो, हे माझं काम नाही. लोकांना वाटलं, माणूस किती साधा. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी मी म्हणालोच नाही.”

“मग घरी का मागवलात खंड?”

“सेक्रेटरीनं परस्पर मागितला असेल. हे पान त्यालाही नकोय.” मग ते हळूच म्हणाले, “मानपत्रातलं ते वाक्य काढायला सांगितलं मी. सचिव म्हणतात, छपाई झाली.”

बाईंनी मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही. चाळीस वर्षं भाषणं करणाऱ्या माणसाला खरं वाटेल असं बोलायला कितीसा वेळ लागतो?

शुक्रवारी त्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसल्या. अध्यक्षांनी मानपत्र वाचलं, वस्तीच्या वाक्याला बाकं वाजली. काका उत्तराला उठले. त्यांनी खिशातून कागद काढला, तारीख सांगितली, पान क्रमांक सांगितला आणि स्वतःचंच भाषण वाचलं. ‘उद्या डोक्यावर बसतील’ इथपर्यंत, एकही शब्द न गाळता. मग म्हणाले, “पाणी त्या शिंप्यानं आणलं. मी फक्त तोटी फिरवली.”

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग अध्यक्ष हसून म्हणाले, “हा काकांचा विनय.” आणि पुन्हा बाकं वाजली, आधीपेक्षा जोरात. काका उभेच राहिले. हात वर करून काहीतरी सांगू पाहत होते, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

बाई खाली आल्या त्या भरल्या मनानं. आपण एका भल्या माणसावर उगाच संशय घेतला, असं त्यांना वाटत होतं. खंड जागेवर ठेवायच्या आधी त्यांनी सवयीनं नोंदवही उघडली. काकांच्या सोमवारच्या सहीच्या वर, आदल्या गुरुवारी, त्या रजेवर असताना, तोच खंड कुणीतरी मागितला होता. सही एका वार्ताहराची होती.

म्हणजे बातमी येणारच होती, आणि काकांना ते कळलं होतं? की योगायोग? बाई बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिल्या. विचारावं तर काका काय सांगणार, आणि सांगितलेलं त्या खरं कसं धरणार? त्यांनी वही मिटली.

घरी आई भाजी निवडत होती. “झाला का सत्कार पाणीवाल्यांचा?”

बाईंनी पिशवीतून झेरॉक्स काढली आणि शेजारी बसून सगळं वाचून दाखवलं, शिंप्याच्या ठरावासकट. आईचा हात थांबला.

“तो शिंपी आपल्या दारात आला होता मतं मागायला,” आई म्हणाली. “मंजुरी झालीय, सहा महिन्यांत पाणी येतंय, असं सांगत होता. मी म्हटलं, पाच वर्षं हेच ऐकतेय.”

“मग?”

“मग काय. काकांना दिलं मत. सगळ्या गल्लीला द्यायला लावलं.” आईनं निवडलेली भाजी उगाच पुन्हा चाळली. “कुठं असतो गं तो आता?”

“चौकशी केली मी. चौदा वर्षांपूर्वी गेला, आई.”

“त्याच्या घरी कोण आहे?”

“मुलगी आहे, असं ऐकलंय. तिचं दुकान आहे शिलाईचं.”

“उद्या तुला सुट्टी आहे ना? मग जाऊ आपण,” आई म्हणाली. “तो कागद घे बरोबर.”