मानांग प्रिमांचा ठिय्या

सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली आणि फिलिपिन्समधल्या सेबू शहरात तिथल्या रिवाजाप्रमाणे नाताळ सुरू झाला. जीपनी नावाच्या छोट्या बसगाड्यांत, औषधांच्या दुकानात, दंतवैद्याच्या खुर्चीवर, जिथे जावं तिथे नाताळची गाणी. मानांग प्रिमांना, म्हणजे प्रिमाताईंना, त्याचा त्रास नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गाणं शिकवलं होतं. त्रास होता तो एकाच गाण्याचा, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त वाजायचं: ‘दार उघडा, आम्ही आलो.’

ते गाणं त्यांच्या वडिलांनी रचलं होतं. वडील, कांदिदो काबान्येरो, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि उरलेल्या वेळात लोकांचे केस कापायचे. १९३७ साली नाताळात दारोदार गाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी ते लिहिलं. पुढं वीसेक वर्षांनी मनिलाहून तबकड्या काढणारी माणसं आली, गाणं ऐकून गेली आणि तबकडीवर छापलं ‘पारंपरिक’. मानांग प्रिमा तेव्हा सात वर्षांच्या होत्या. आता शहात्तर. मधल्या काळात त्यांनी रेडिओला, वर्तमानपत्रांना, दोन महापौरांना पत्रं लिहिली. एका महापौराकडून उत्तर आलं, सोबत त्याचं कॅलेंडर.

यंदा मात्र हद्द झाली. एका इटालियन गाडीच्या नव्या शोरूमनं दारावर भलामोठा व्हिडिओचा पडदा लावला. त्यावर लालभडक गाडी सुसाट पळायची, इंजिन गुरगुरायचं आणि त्या गुरगुरण्यावर ‘दार उघडा’ वाजायचं. खाली बारीक अक्षरात: संगीत, पारंपरिक. मानांग प्रिमांनी एक पत्र धाडलं, आठवडाभर वाट पाहिली आणि मग चर्चला जायचा झगा चढवून, छत्री आणि पर्स घेऊन स्वतःच शोरूममध्ये शिरल्या.

“या, या, लोला! तुमचीच वाट बघत होतो!” ‘आजी’ अशा अर्थाची हाक घालत मॅनेजर मारिवेल धावतच पुढं आली.

मानांग प्रिमांना वाटलं, पत्र पोचलं तर! मारिवेलला वाटलं, आज गाडी बघायला येणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाची आई ती हीच. “आई बसून बघेल, मग ठरवू,” असं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं होतं.

“आधी जरा बसून तर बघा,” मारिवेलनं पडद्यावरच्यासारख्याच लालभडक गाडीचं दार उघडलं. दार बाजूला न उघडता कोंबड्याच्या पंखासारखं वर गेलं.

मानांग प्रिमांना बोलायचं होतं आणि बसून बोलणं केव्हाही बरं. पण त्या बसल्या कसल्या, गडपच झाल्या. सीट जमिनीपासून वीतभर. गुडघे हनुवटीला लागले, छत्री डॅशबोर्डावर आडवी झाली.

“सातशे घोड्यांची ताकद आहे, लोला. तीन सेकंदांत शंभरचा वेग!”

“कुठे? बाहेरच्या रस्त्यावर?” मानांग प्रिमांनी विचारलं. बाहेर अर्ध्या तासापासून एकही गाडी हलली नव्हती. “ते राहू दे, पोरी. माझ्या वडिलांच्या नावाचं काय ठरलं?”

“गाडी वडिलांच्या नावावर घ्यायचीय?”

“गाडी कसली? गाणं!”

दोन मिनिटांत दोघींचा गैरसमज फिटला. मारिवेलच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. “जाहिरात सिंगापूरला बनते हो. इथं आमच्या हातात काही नाही. तुम्ही उतरता का? गिऱ्हाईक यायचंय.”

मानांग प्रिमांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साफ नकार दिला. पुन्हा जोर लावला. बूड दोन बोटं वर आलं आणि परत खाली बसलं. ‘मला उठता येत नाही’ असं या परक्या पोरीला सांगायचं? शाळेत त्या साध्या वर्गात शिरल्या तरी पोरं उभी राहायची!

“नाही उतरत,” त्या कडाडल्या. “बाबांचं नाव पडद्यावर लागेपर्यंत मी इथून हलणार नाही!”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सेबूभर अख्खं डुक्कर भाजून पुरवणारा वेन्सेस्लाओ, म्हणजे सगळ्यांचा वेन्सेस. देह चांगलाच भरलेला. आई आली नव्हती. तिचा पत्त्यांचा डाव रंगला होता. त्यानं वाकून गाडीत पाहिलं आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस चटकन ताठ उभा राहिला.

“मॅडम?”

“वेन्सेस! पाचवी ब. शर्टाचं बटण लाव.”

त्यानं बटण लावलं. मग अदबीनं पलीकडच्या सीटवर बसला. गाडी आणखी खाली गेली.

“मॅडम, तुम्ही मला गायनातून काढलं होतं.”

“काढलं नव्हतं. नुसते ओठ हलव म्हटलं होतं.”

“तीन वर्षं नुसते ओठच हलवले. ‘दार उघडा’लासुद्धा.”

“तू गायला असतास तर लोकांनी दारं उघडली नसती, अरे!”

वेन्सेस एवढा हसला की गाडी हलली. मग मानांग प्रिमांनी पर्समधून १९३७ चा चर्चचा पिवळा पडलेला कार्यक्रमाचा कागद काढला. त्यावर छापलं होतं: रचना, कांदिदो काबान्येरो. वेन्सेसनं तो दोनदा वाचला.

“मला वाटायचं, हे गाणं कायमचंच आहे. पावसासारखं,” तो हळू आवाजात म्हणाला.

“तेच तर सगळ्यांना वाटतं. पाऊस काय, त्याला बाप नाही. माझ्या बाबांनी रात्र-रात्र जागून चाल बांधली.”

वेन्सेसनं मारिवेलला हाक मारली. “शनिवारपर्यंत यांच्या वडिलांचं नाव लाव. नाहीतर मी गाडी समोरच्या दुकानातून घेईन. आणि एक सांग, यात भाजलेलं डुक्कर कुठं ठेवायचं?”

“सर, पुढच्या डिकीत… लहानसं पिल्लू मावेल.”

मारिवेल सिंगापूरला फोन लावायला पळाली. वेन्सेस ऐटीत उतरायला गेला आणि तसाच राहिला. पुन्हा प्रयत्न. चेहरा गाडीच्या रंगाचा झाला.

“मॅडम, मला उठता येत नाही.”

“मलाही,” मानांग प्रिमा शेवटी बोलून गेल्या. “मघापासून!”

चार मेकॅनिक आले. नुसतेच हिसके देऊ लागले तेव्हा मानांग प्रिमांनी आतूनच दटावलं, “तालावर ओढा! एक, दोन, तीन, आणि!” तिसऱ्या आवर्तनाला त्या बाहेर आल्या. वेन्सेसला सात लागली.

शनिवारी नाव लागलं. ‘पारंपरिक’ गेलं आणि वितीएवढ्या अक्षरांत कांदिदो काबान्येरो झळकले. मानांग प्रिमा पलीकडच्या फुटपाथवर छत्री धरून तासभर उभ्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “माझे बाबा.” कुणी थांबलं, कुणी नुसतं हसलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना, आणि त्यांनी ते थांबवलंही नाही.

मंगळवारी कार्कार गावाहून एक म्हातारा त्यांच्या दारात आला. मानोंग पास्तोर, म्हणजे पास्तोरदादा, त्याचं नाव. हातात वडिलांची वही.

“पडद्यावर नाव पाहिलं,” तो म्हणाला. “चाल कांदिदोंचीच. पण दुसरं कडवं माझ्या बाबांचं, तेओपिस्तोंचं. ते व्हायोलिन वाजवायचे.”

मानांग प्रिमांनी दार पूर्ण उघडलं. कारण ते खरं होतं. बाबा स्वतः कितीदा सांगायचे, दुसरं कडवं तेओपिस्तोचं म्हणून. आणि प्रिमांनी इतक्या वर्षांत इतकी पत्रं लिहिली, एकातही तेओपिस्तोचा त मांडला नव्हता. कान गरम झाले.

“आत या,” त्या म्हणाल्या. “भातावर मासा आहे. जेवा आधी, मग मारिवेलला फोन करू.”

“पण अक्षरं सारखीच हवीत हं. लहान नकोत.”

“सारखीच लावू. पण तुमच्या बाबांच्या कडव्यात तिसऱ्या ओळीला एक मात्रा जास्त आहे. मुलं नेहमी तिथंच अडखळायची.”

“जास्त नाही, तिथं श्वास घ्यायचा असतो! तुम्ही शिकवलंच चुकीचं!”

“मी? चौतीस वर्षं?”

भात निवला, मासा मांजरानं पळवला आणि दोघं टेबलावर हात आपटून ती तिसरी ओळ पुन्हा पुन्हा गात राहिले.