जहाजावरची चौथी जागा

जहाजावरच्या त्या खोलीत चार माणसं मावत होती, आणि सगळं भांडण चौथ्या माणसावरून होतं. पहिली माझी लेक देवश्री, दुसरा जावई तरुण, तिसरी त्यांची पोर श्रिया, वय वर्षं दोन आणि महिने चार. चौथी एक आजी. आता आज्या आहेत दोन. एक देवासची, म्हणजे मी, आणि एक धारची, म्हणजे माझ्या विहीणबाई मालनताई. दिवाळीनंतर मुंबईहून निघणाऱ्या कुठल्याच जहाजावर दुसरी खोली शिल्लक नव्हती. आमच्या ह्यांनी, ज्यांना सगळं देवास बापू म्हणतं, आपलं नाव आधीच काढून घेतलं होतं. त्यांना मांडवच्या रस्त्यावरसुद्धा उलटी होते.

भांडण म्हटलं खरं, पण तोंडाने कोणी चकार शब्द काढला नव्हता. ते सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं, आणि तिथे दर वेळी मीच जिंकत होते.

मला समुद्राची हौस नव्हती. शाळेच्या सहलींबरोबर मी तीनदा समुद्र पाहिला आहे आणि तिन्ही वेळा मुलं मोजण्यातच सगळा वेळ गेला. मला श्रिया हवी होती. ती धारला मालनताईंच्या अंगाखांद्यावर वाढते, त्यांच्याच कुशीत झोपते. मी तिच्यासाठी ‘फोनवाली आजी’. समोर जाऊन उभी राहिले तरी ती आधी माझ्याकडे बघते, मग देवश्रीच्या फोनकडे बघते, आणि हा काय प्रकार आहे ते न कळून मालनताईंच्या पदराआड जाते. मी हसते आणि आत कुठेतरी दुखतं. म्हणून मी हिशेब केला होता, की चार रात्री, पाच दिवस, चहूकडे पाणी. पोर जाऊन जाऊन जाईल कुठे? तेवढ्यात ती माझी होईल.

या लग्नाला माझा विरोध होता, हेही सांगून टाकते, नाहीतर दुसरं कोणी सांगेल. मुलगा गुणी होता, पण घर शिवणकाम करणाऱ्यांचं, आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या संस्थानात कारकुनी केलेले. मला तेव्हा त्या फरकाचं फार वाटलं. मालनताईंनी ते कधीच बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळेच त्यांच्यासमोर मला ताठ बसायची सवय लागली. ताठ बसायला खुर्ची लागते. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलेली असल्यामुळे निमित्तही आयतंच होतं.

जहाज निवडायचं काम देवश्रीने माझ्यावर सोपवलं. ती घरून कंपनीचं काम करते, तरुण पिथमपूरला कारखान्यात, दोघांना वेळ नाही. “आई, तुला वाचायची आवड आहे, तूच बघ,” म्हणाली. चौतीस वर्षं वह्या तपासलेली बाई मी. कोपऱ्यावरच्या दुकानातून चार जहाजांची माहिती छापून आणली आणि लाल पेन घेऊन बसले. एका जहाजावर भलीमोठी घसरगुंडी होती, पण लंगोट घालणाऱ्या मुलांना तलावात पाय टाकायलाही बंदी. दुसऱ्यावर जादूचे प्रयोग होते, रात्री साडेनऊला, म्हणजे श्रियाची दुसरी झोप चालू असताना. तिसऱ्याचं नावच मी खोडलं, कारण तिथे लहान मुलांची करमणूक म्हणून फक्त एक भला मोठा टीव्ही दाखवला होता. टीव्ही बघायला समुद्रात कशाला जायचं. चौथं जहाज लहान होतं, पण तिथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी रोज दोन तास वेगळे राखून ठेवले होते, घरच्या एका मोठ्या माणसासोबत. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. आई-बाप तेवढा वेळ विश्रांती घेतील आणि मोठं माणूस म्हणजे मी. कागद पिशवीत घातले, इंदूरला गाडी बदलली आणि थेट धार गाठलं.

तिथे गेल्यावर कळलं, की मालनताईंनी परस्पर घसरगुंडीचं जहाज ठरवत आणलं होतं. तरुणने त्यांना इंदूरच्या सहलवाल्या मोना नावाच्या मुलीशी फोनवर बोलायला दिलं होतं. मोनाने विचारलं, बेबी की एज? मालनताई म्हणाल्या, तीसरा चल रहा है. मोनाने अर्जात तीन लिहून टाकलं आणि त्यांना सांगितलं, की फिर तो कोई टेन्शन नहीं, बच्ची दिनभर बच्चों के क्लब में रहेगी.

आमच्यात वय असंच सांगतात. दोन पूर्ण झाली की तिसरं लागलं. माझी आईसुद्धा असंच सांगायची, म्हणून तर मी एक वर्ष आधी शाळेत जाऊन बसले. पण त्या दिवशी मला आईची आठवण सोयीची नव्हती. मी अर्ज हातात घेतला आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, “श्रिया दोन वर्षं चार महिन्यांची आहे. तीन पूर्ण झाल्याशिवाय तिला क्लबच्या दारातसुद्धा उभी करणार नाहीत.”

“म्हणजे तिसरंच न, ताई,” मालनताई म्हणाल्या.

मी त्यांना पूर्ण झालेलं वर्ष आणि लागलेलं वर्ष यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, “मग तुमचंच जहाज बरं” म्हणाल्या, आणि भुट्ट्याचा कीस करायला आत गेल्या. इतक्या सहज जिंकल्याने माझी जराशी निराशाच झाली.

मग देवश्रीने माझे कागद उचलले आणि लाल रेघेच्या पुढे वाचत गेली. सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच, एकेक तास. रंग, कणकेचे गोळे, वाळूने भरलेली परात. मोठ्या माणसाने पूर्ण वेळ मुलासोबत जमिनीवर बसणं आवश्यक, खुर्ची मिळणार नाही. ती थांबली आणि तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. प्रश्न शेवटपर्यंत वाचा, असं चौतीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडले, आणि स्वतः अर्ध्यावर रेघ मारून मोकळी झाले होते.

“मी बसेन,” मी म्हटलं. देवश्रीने कागद माझ्या हातात दिले. तिची मीटिंग होती, ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आता खोलीत मी होते आणि श्रिया होती. मालनताईंचं हाताने फिरवायचं मशीन जमिनीवरच असतं, त्यापुढे सतरंजी आणि सतरंजीवर ब्लाउजांच्या कापडांच्या चिंध्या. दिवसभर मालनताई तिथे शिवत असतात आणि पोर त्यांच्याभोवती चिंध्यांचे ढीग लावत असते. मी स्वयंपाकघराकडे कान दिला. कढईचा आवाज येत होता. म्हटलं, कोणी बघायच्या आत एकदा सराव करून घ्यावा. दिवाणाची कड धरली, दुसरा हात भिंतीला लावला आणि हळूहळू खाली गेले. शेवटची वीतभर उंची मात्र मी बसले नाही, पडले. उजवा गुडघा असा काही बोलला की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

श्रियाने मान वर केली. या वेळी तिने फोन शोधला नाही. माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलेलं तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. चिंध्या टाकून ती उठली, जवळ आली आणि माझा चष्मा चाचपून बघितला. मग नाक धरलं, मग हनुवटीवरचा तीळ खरवडून बघितला, तो निघत नाही याची खात्री करून घेतली. “फोनवाली आजी बसली,” तिने मशीनला सांगितलं. मग एक पिवळी चिंधी आणून माझ्या गुडघ्यावर ठेवली, नेमकी दुखऱ्या. मग दुसरी आणली, मग तिसरी. माझे दोन्ही पाय झाकून झाल्यावर तिने माझ्याकडे पाठ केली आणि कोणाला न विचारता माझ्या मांडीत येऊन बसली.

मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिच्या केसांना खोबरेलाचा आणि थोडा मशीनच्या तेलाचा वास होता, आणि अडीच वर्षं, नाही, दोन वर्षं चार महिने, तो वास माझ्यापासून फक्त एका खुर्चीच्या उंचीवर होता. मी लाडू घेऊन आले, पुस्तकं घेऊन आले, गाणी म्हणून दाखवली, सगळं वर बसून. ती येत नाही म्हणून मनातल्या मनात मालनताईंना बोल लावला.

बऱ्याच वेळाने पाय हलवून पाहिला तर हलेना. कोणाला तरी हाक मारायला हवी होती. आधी लाजेने मारली नाही. नंतर श्रिया माझ्या दंडावर डोकं टेकून झोपली, म्हणून मारली नाही.

मालनताई कीस घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ताटली दिवाणावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, “उठवू का, ताई?”

“राहू द्या,” मी म्हटलं. तशा त्या माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका उंचीवर कधी बसलो नव्हतो.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, की जहाजावर तुम्हीच जा. पोर तर त्यांची रोजचीच आहे. तरुणला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की देवासच्या ताईंचं नाव घाल. म्हणजे तीन आठवडे मी जिच्याशी लढत होते, ती बाई मैदानात उतरलीच नव्हती. घसरगुंडीचं जहाज त्यांनी पाहिलं होतं तेही माझ्यासाठीच. पोर दिवसभर क्लबात राहिली की ताईंच्या गुडघ्यांना त्रास नाही, असा त्यांचा विचार होता.

मी विचारलं, “तुम्ही समुद्र पाहिलाय?”

“कुठचा, ताई. लग्न झाल्यावर धरमपुरीला गेलो होतो, तेव्हा नावेतून नर्मदेच्या पलीकडे नेलं होतं यजमानांनी. मी म्हटलं, बाप रे, किती पाणी. तर म्हणाले, समुंदर याच्याहून मोठा असतो, दाखवीन एकदा.” त्या हसल्या. यजमान जाऊन पाच वर्षं झाली आहेत. त्यांनी हे मागायचं म्हणून सांगितलं नव्हतं, मी विचारलं म्हणून सांगितलं होतं.

“तुम्ही जा, मालनताई,” मी म्हटलं. “रोज दोन तास खाली बसणं मला जमायचं नाही. पहिल्याच दिवशी जहाजाची माणसं बोलवावी लागतील मला उचलायला. पण माझ्या चार रात्री मी सोडत नाही. तुम्ही परत आलात की हिला देवासला पाठवा. एकटीला.”

श्रियाचा पाय हातात घेऊन त्यांनी तळव्याला लागलेला दोरा काढला. जन्मल्यापासून पोर एक रात्रही त्यांच्यापासून लांब राहिली नव्हती, आणि मी सुखासुखी चार मागितल्या होत्या. जहाजावरची जागा त्यांनी न मागता दिली होती, पण ही त्यांना जड जात होती, हे मला दिसत होतं. तरी मी मागणं मागे घेतलं नाही. मी तेवढी थोर नाही.

“रात्री उठते ती,” शेवटी त्या म्हणाल्या. “पाणी मागते. आणि कान धरल्याशिवाय झोपत नाही.”

“मला दोन कान आहेत,” मी म्हटलं.

“डावाच लागतो तिला,” त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून “बरं” म्हणाल्या.

देवश्री मीटिंग संपवून आली आणि दारातच थबकली. तिला सगळं सांगितल्यावर ती माझ्यापुढे उकिडवी बसली. म्हणाली, की श्रियाला देवासला ठेवायचं कितीदा मनात आलं होतं, पण तुझ्याने होणार नाही असं वाटलं. मी म्हटलं, विचारायचंस तरी. त्यावर ती हळूच म्हणाली, “आई, तू खुर्चीवरून कधी उतरलीस?” तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं, आणि ते मला लागायलाच हवं होतं.

चौथं नाव मालनताईंचं घालायला सांगितलं, आणि मोनाला वय दोन कळवायला सांगितलं. मग देवश्रीच्या फोनवरून बापूंना फोन लावला. म्हटलं, पुढच्या खोलीतला दिवाण काढा, खाली गाद्या घाला, श्रिया चार दिवस यायची आहे. ते म्हणाले, अगं पण ती येणार दिवाळीनंतर. म्हटलं, आजच काढा, मला सवय करायची आहे.

“आणि एकदा खाली बसलीस की तुला उठवणार कोण?” बापूंनी विचारलं.

श्रियाने झोपेतच हात वर करून माझा कान शोधला. डावाच.

“मला उठायचंय, असं कोणी सांगितलं तुम्हाला?” मी म्हटलं.