चंद्राचा त्रास

लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मुलगा लाखात एक आहे, फक्त पौर्णिमेच्या आसपास त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. चंद्र बाधतो त्याला. त्या दिवसांत उलट बोलायचं नाही. तिने ते मनावर घेतलं. पौर्णिमा आली की शिलाई मशीन बंद, रेडिओ बंद, बोलणंसुद्धा हळू. तरी त्याचा हात उठायचाच. मग दंडावरचे वळ झाकत ती लेकीला समजवायची, की बाबा वाईट नाहीत, चंद्राचा त्रास आहे त्यांना.

नवरा काचसामानाच्या दुकानात विक्रेता होता. एका पौर्णिमेला मशीनच्या सुया आणायला गेलेली ती सहज दुकानाशी थांबली. आत एक गिऱ्हाईक स्वतःच्या हातून फुटलेल्या फुलदाणीचं खापर त्याच्यावर फोडत होतं, वाट्टेल ते बोलत होतं. मालक गल्ल्यावरून बघत होता. नवरा हसतमुखाने "माझंच चुकलं, साहेब" म्हणाला आणि वाकून तुकडे वेचू लागला.

ती आत न जाताच परतली. संध्याकाळी चहा गार लागला म्हणून त्याने तिच्या कानशिलात लगावली आणि चप्पल घालून बाहेर निघून गेला.

"आई, दुकानात नाही बाधत त्यांना चंद्र," ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे मला. त्याच्या वडिलांनाही कधी बाधला नाही. मला कशाला तरी धरून दिवस काढायचे होते, म्हणून चंद्राचं निमित्त मीच शोधलं. तुला तेच दिलं."

"आणि पौर्णिमा नसताना मारलं तर?"

"तर म्हणायचं, अजून उतरला नाही."

तिने पिशवी भरली. सासूबाईंनी अडवलं नाही, की दारापर्यंतही आल्या नाहीत. अडवलं ते लेकीने. चौकट घट्ट धरून ती रडायला लागली. "बाबांना बरं नाही आणि आपण त्यांना टाकून जायचं?"

बाबा ठणठणीत आहेत, हे तिने परोपरीने सांगितलं. इतकी वर्षं दुसरंच सांगणाऱ्या आईवर पोर विश्वास ठेवेना. शेवटी हाताला धरून, जवळजवळ ओढतच तिला न्यावं लागलं.

बहिणीने दोघींना ठेवून घेतलं. शिवणकामही मिळालं. लेक मात्र फोनवर बाबांशीच बोलते. आईने काही विचारलं, तर "काही नाही" म्हणते आणि आत जाऊन दार लावून घेते.